प्लगवरचे शिसे
जुनी अ‍ॅम्बॅसिडर आचके देऊ लागली की मेकॅनिक आधी स्पार्क प्लग काढी, तारेच्या ब्रशने घासे, फट मोजून पुन्हा बसवी. टोकावरचे पुट केवळ काजळीचे नसे. त्यात शिसेही असे. इंजिनातील ठोके रोखण्याचा टेट्राएथिल लेडचा गुण १९२१ मध्ये अमेरिकेत उमगला आणि ते पेट्रोलमध्ये मिसळले जाऊ लागले. त्याची संयुगे प्लगच्या तापलेल्या चिनीमातीवर साचत, वीज त्यांतूनच निसटे, ठिणगी चुके. बहुतांश शिसे मात्र धुराबरोबर रस्त्यावर, मुलांच्या श्वासात जाई. १९९५ मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले, तेही नव्या मोटारींतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शिशाने निकामी होतो म्हणून! मुलांआधी यंत्राची काळजी, हे खटकतेच. देशभर शिसेयुक्त पेट्रोल थांबले १ फेब्रुवारी २००० रोजी. पुढे प्लगही अधिक टिकू लागले.