२१ विरुद्ध १९

विधान परिषदेची मतमोजणी सुरू झाली की टीव्हीवर दोन शब्द दिवसभर कानावर आदळत राहतात. कोटा आणि दुसरी पसंती. २०२२ च्या जूनमधल्या त्या निवडणुकीच्या रात्रीपासून तर अख्ख्या महाराष्ट्राला हे शब्द पाठ झालेत. पण आपल्याकडे ही पद्धत आमदारांच्या गोटात किंवा पदवीधर-शिक्षक मतदारसंघांत चालते, त्यामुळे एखाद्या शहराची आख्खी नगरपालिका अशा मोजणीवर निवडली तर काय होतं, हे आपल्याला ठाऊक नसतं. आयर्लंडमधल्या डेरी या शहराला ते चांगलंच ठाऊक आहे. (लंडनडेरी म्हणायचं की डेरी, यावरून तिथे आजही माणूस ओळखला जातो. मी आपलं लहान नाव घेतो.)

सुरुवात मात्र डेरीत नाही, स्लायगोत झाली. कवी येट्सचं स्लायगो. ही नगरपालिका कर्जात बुडाली होती. व्यापारी आणि करदाते म्हणाले, कर वाढवायला आमची ना नाही, पण आमची माणसं आत बसली पाहिजेत. म्हणून १९१८ साली फक्त या एका गावापुरता कायदा झाला आणि १५ जानेवारी १९१९ ला पसंतीक्रमाने मतदान झालं. २४ जागांपैकी करदात्यांच्या संघाला ८, शिन फेनला ७, मजूर पक्षाला ५ आणि अपक्षांना ४. कुणालाच बहुमत नाही, पण प्रत्येकाला जागा!

लंडनच्या सरकारला हे फार आवडलं. कारण उघड आहे. जेमतेम महिन्यापूर्वी पार्लमेंटच्या निवडणुकीत शिन फेनने आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा खिशात घातल्या होत्या. पसंतीक्रम आणला तर या वादळाला थोडा बांध बसेल आणि दक्षिणेतल्या प्रॉटेस्टंट अल्पसंख्याकांनाही आधार मिळेल, असा हिशोब. १९१९ मध्येच कायदा करून ही पद्धत साऱ्या आयर्लंडच्या स्थानिक निवडणुकांना लावली गेली. अल्स्टरच्या युनियनिस्टांनी, म्हणजे ब्रिटनशी जोडलेलंच राहू म्हणणाऱ्यांनी, कडाडून विरोध केला. कार्सन आणि मंडळींना पुढचं दिसत असावं.

स्लायगोनंतर बरोबर एक वर्षाने, १५ जानेवारी १९२० ला, शहरांची मतदानं झाली. शिन फेनला साधारण ५५०, मजूर पक्षाला ३९४, युनियनिस्टांना ३५५ जागा. वादळाला बांध बसला खरा, पण तो उत्तरेतही बसला. बेलफास्टमध्ये ६० पैकी ५२ जागा असलेले युनियनिस्ट ३७ वर आले. आणि डेरीत ४० पैकी १९ वर. उरलेल्या २१ शिन फेन आणि जुन्या राष्ट्रवाद्यांच्या. एरवी या दोघांचं आपसात फारसं पटत नसे.

डेरी म्हणजे साधंसुधं गाव नव्हे. १६८९ चा वेढा सोसून न पडलेली तटबंदी हे युनियनिस्टांचं श्रद्धास्थान. शहरात कॅथलिक जास्त होते, १९११ च्या जनगणनेतही ते दिसतं, पण महापौर कॅथलिक असू शकतो हे कुणाच्या मनातही नसे. ३० जानेवारी १९२० ला ह्यू ओडोहर्टी महापौर झाले. १६८८ नंतरचे पहिले कॅथलिक. व्हाइसरॉय लॉर्ड फ्रेंच यांचं नाव शहराच्या मानकऱ्यांच्या यादीतून काढलं गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये शहरात गोळीबार होऊन वीसेक माणसं मेली. दोन जागांच्या बहुमताला केवढी ही किंमत, असं वाटतं. पण ती नुसत्या दोन जागांची नव्हतीच, शहर कुणाचं याची होती.

१९२१ मध्ये फाळणी होऊन उत्तर आयर्लंडचं वेगळं सरकार आलं आणि त्याने जी कामं तातडीने हातात घेतली त्यांत एक हे होतं : १९२२ चा कायदा, स्थानिक निवडणुकांतून पसंतीक्रम बंद. डब्लिनने हरकत घेतली. लंडनने मंजुरी दोन महिने अडवून धरली. पंतप्रधान क्रेग यांनी राजीनाम्याची धमकी दिली आणि सप्टेंबरात मंजुरी मिळाली. मग सर जॉन लीच यांच्या आयोगाने प्रभागांच्या रेषा नव्याने ओढल्या. राष्ट्रवाद्यांनी सुनावण्यांवर बहिष्कार टाकला, म्हणजे रेषा ओढणाऱ्याचं काम आणखी सोपं झालं. १९२३ पासून डेरीत पुन्हा युनियनिस्ट महापौर.

आता खरी गोष्ट. १९३६ मध्ये डेरीचे तीन प्रभाग केले गेले आणि १९६० च्या दशकापर्यंत निकाल ठरलेला : युनियनिस्ट १२, राष्ट्रवादी ८. १९६९ च्या कॅमेरॉन अहवालात मतदारांचे आकडे आहेत. साउथ प्रभाग : कॅथलिक १०,०४७, इतर १,१३८, जागा ८. नॉर्थ : कॅथलिक २,५३०, इतर ३,९४६, जागा ८. वॉटरसाइड : कॅथलिक १,८५२, इतर ३,६९७, जागा ४. बेरीज केली तर कॅथलिक १४,४२९ आणि इतर ८,७८१. म्हणजे ज्यांची मतं जास्त त्यांना ८ जागा.

लोक याचा सगळा दोष रेषांना देतात. मी एके दिवशी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. रेषा तशाच ठेवल्या, मतदार तेच, सगळे आपापल्या धर्माप्रमाणेच मत देतात असं ढोबळ धरलं आणि फक्त मोजणी पसंतीक्रमाची लावली. ८ जागांच्या प्रभागात एकूण मतांना ९ ने भागायचं आणि एक मिळवायचा, हा कोटा. नॉर्थमध्ये तो ७२० येतो. कॅथलिकांकडे तीन कोटे, इतरांकडे पाच. ८-० चे झाले ५-३. वॉटरसाइडमध्ये कोटा १,११०, तिथे ३-१. साउथमध्ये १,२४३, तिथे मात्र इतर थोडक्यात हुकतात आणि आठही जागा कॅथलिकांच्या. बेरीज? १२ विरुद्ध ८. अगदी तेच आकडे, फक्त उलटे!

दोनदा तपासलं. म्हणजे रेषा कितीही हुशारीने ओढा, आधी १९२२ चा कायदा केल्याशिवाय त्या चालल्या नसत्या. ज्या पद्धतीत प्रभागातला मोठा गट सगळ्या जागा नेतो तिथेच रेषेला धार येते. आपल्याकडच्या प्रभागरचनेच्या भांडणांत नकाशावर जेवढी चर्चा होते तेवढी मोजणीवर होत नाही, हे जाता जाता.

आणि या रेषा जपायला घरं अडवावी लागली. स्थानिक मतदानाचा हक्क घराच्या करदात्याला आणि त्याच्या जोडीदाराला, म्हणजे नवं घर म्हणजे दोन नवी मतं. मग कॅथलिक कुटुंबाला नॉर्थमध्ये घर द्यायचं कसं? म्हणून त्यांना साउथमध्येच कोंबलं गेलं, तिथली जागा संपली की बांधकाम थांबलं. एकेका खोलीत संसार करणाऱ्यांची पोरं मोठी झाली. ५ ऑक्टोबर १९६८ च्या मोर्चात मागण्या होत्या त्या घराच्या आणि मताच्या. पोलिसांच्या लाठ्या टीव्हीवर जगभर दिसल्या आणि पुढची तीस वर्षं काय झालं ते सर्वांना माहीत आहे.

डेरीची महापालिका १९६९ मध्ये बरखास्त करून तिथे आयोग नेमला गेला. ३० मे १९७३ ला उत्तर आयर्लंडमध्ये पुन्हा स्थानिक निवडणुका झाल्या, मतपत्रिकेवर पुन्हा १, २, ३ असे आकडे लिहायचे होते. डेरीत आता २७ जागा होत्या, आणि कुठल्याही एका पक्षाला बहुमत मिळालं नाही.