तंजावरकरांनी शिकविलेला धडा

नोकरीनिमित्त आपण तमिळ मुलखात आलो, त्याच्या कितीतरी आधी मराठी माणसे येथे रुजली होती. १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले आणि त्यांच्यामागून कारकून, शिपाई, शास्त्री, कीर्तनकार आले. १८५५ मध्ये राज्य खालसा झाले; दरबार उठला, पण अनेक घराणी येथेच राहिली.

अशाच एका घराण्यातील वृद्ध बाई प्रथम मंडळात आल्या, तेव्हा त्यांच्या तमिळ हेलाच्या मराठीला आम्ही हसलो, हे आज कबूल केले पाहिजे. त्या रागावल्या नाहीत. ही भाषा आपण शाळेत नव्हे, आजीजवळ शिकलो, एवढेच म्हणाल्या. आम्ही खजील झालो. आमची नातवंडे तर आम्हांला इंग्रजीतून उत्तरे देत होती!

बृहदीश्वर मंदिरातील भोसले वंशाचा शिलालेख आणि सरफोजीराजांनी वाढविलेले सरस्वती महाल ग्रंथालय आपण कौतुकाने पाहतो. बोली मात्र घरांनी जपली, तीही शेजाऱ्यांशी फटकून न राहता. शहाजीराजांनी मराठीबरोबर तेलुगूतही नाटके लिहिली. मराठी कीर्तनातील साकी-दिंडी तंजावूर कृष्ण भागवतरांनी एकोणिसाव्या शतकात तमिळ हरिकथेत आणली.

सुवर्णमहोत्सवानिमित्त एक विनंती. घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसावे, त्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत लिहून घ्याव्यात, आणि त्यांची भाषा सुधारण्याच्या भरीस पडू नये.