पिंगुळीच्या पोथ्या

कुडाळहून सावंतवाडीकडे निघालं की थोड्याच अंतरावर पिंगुळी लागतं. बाहेरून येणारे बहुतेक जण राऊळ महाराजांच्या मठात दर्शन घेतात आणि गोव्याच्या वाटेला लागतात. चित्रकथी आणि बाहुल्यांचे खेळ पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या ठाकर समाजाचं हेच गाव, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवत सांगितलेली कथा. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं रचलेल्या ‘मानसोल्लासा’तही चित्रांवरून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख येतो. पिंगुळीची चित्रं साधारण 12 इंच उंच आणि 16 इंच रुंद असतात. हातकागद, नैसर्गिक रंग, ठसठशीत रेषा, टपोरे डोळे. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवायची आणि रामायण-महाभारतातल्या एका आख्यानाची चित्रं एकत्र बांधायची, की झाली पोथी. कथेकरी वीणा घेऊन बसतो, साथीला हुडुक हे लहानसं चर्मवाद्य आणि टाळ. एकेक चित्र समोर उभं राहतं आणि त्यातला प्रसंग गाण्यातून, संवादांतून पुढे सरकतो. पोथीला देवपण असल्यामुळे ती जीर्ण झाली की तिचं नदीत विसर्जन करण्याची रीत होती. जुन्या पोथ्या आज इतक्या थोड्या का दिसतात, याचं एक कारण या श्रद्धेतच आहे.

सावंतवाडीच्या सावंत-भोसले घराण्यानं या कलावंतांना आश्रय दिला. कोणत्या घरानं कोणत्या देवळात खेळ करायचा, हे ठरलेलं असे. संस्थान गेलं, करमणुकीची साधनं बदलली आणि देवळातला तो हक्काचा श्रोता पांगला. याच शैलीची काही चित्रं अभ्यासकांना पैठणात मिळाली, म्हणून पुस्तकांत आणि संग्रहालयांत ती ‘पैठण शैली’ या नावानं रूढ झाली. पिंगुळीच्या वाट्याचं श्रेय त्यामुळे बराच काळ झाकलेलं राहिलं.

पिंगुळीचे कलावंत परशुराम गंगावणे यांनी 2006 मध्ये आपल्या गुरांच्या गोठ्यात ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभं केलं, ही म्हणूनच फार मोठी गोष्ट. पोथ्या, कळसूत्री बाहुल्या आणि पडद्यामागून दिव्याच्या उजेडात नाचवायच्या चामड्याच्या बाहुल्या तिथे जवळून पाहता येतात. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि पिंगुळीचं नाव देशभर पोचलं.

आता सुटी चित्रं विकली जातात, चौकटीत बसून दिवाणखान्यात लागतात. कलावंताचं घर त्यावर चालतं, तेव्हा ती जरूर घ्यावीत. पण भिंतीवरच्या एकट्या चित्राला ना मागचा प्रसंग असतो ना पुढचा, हुडुकाचा ठेका तर नाहीच. पिंगुळीला जाणाऱ्यानं आधी निरोप धाडावा, हाताशी निवांत वेळ ठेवावा आणि निदान एक आख्यान लावायला सांगावं. त्याची बिदागीही चित्राच्या किमतीइतक्याच आनंदानं द्यावी.