झिपलाईन आणि डोंगरावरचा मुक्काम : सही करण्यापूर्वी पालकांनी काय पाहावे?

वाशिम : दिवाळीच्या सुट्या संपून शाळा पूर्ववत सुरू झाल्या, की वाशिम, कारंजा, मंगरुळपीर, रिसोड येथील शाळांमध्ये सहलींची पत्रके निघू लागतात. एके काळी या पत्रकांत लोणारचे सरोवर, शेगाव, फार तर वेरूळ-अजिंठा एवढीच नावे असत. आता त्यांत ‘एक रात्र, दोन दिवस साहस शिबिर’ ही भर पडली असून तंबूतील मुक्काम, शेकोटी आणि झिपलाईन हे तिचे ठरलेले तीन घटक होत. संमतिपत्रावर पालकांची सही होते ती बहुधा शुल्काचा आकडा पाहून. ज्या तारेला मूल लोंबकळणार, त्या तारेविषयी विचारणा क्वचितच होते.

वाशिम जिल्ह्यातून अजिंठ्याच्या डोंगररांगा जातात. परंतु त्या बुटक्या आणि पठारी आहेत. थंड हवेचे ठिकाण म्हणावे असे या जिल्ह्यात काही नाही. त्यामुळे डोंगरातील मुक्काम म्हटला, की साहजिकच अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याकडे पाहिले जाते. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीवर वसलेले हे गाव मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. वाशिमहून कारंजा-अमरावती किंवा अकोला-अकोट-अंजनगाव अशा कोणत्याही मार्गाने गेले, तरी शेवटी परतवाड्यास पोहोचून घाट चढावा लागतो. चिखलदऱ्याजवळच्या आमझरी येथे वनविभागाने निसर्ग पर्यटन संकुल उभारून साहसी खेळांची सोय केली. याखेरीज खासगी शिबिरेही भरतात आणि प्रश्न मुख्यतः त्यांचाच आहे.

झिपलाईन हा प्रकार वाटतो तितका नवा नाही. हिमालयातील नद्यांवर लोक कित्येक पिढ्या दोराला टांगलेल्या पाळण्यातून पैलतीर गाठत आले आहेत. महाराष्ट्रातील गिर्यारोहकांनी ‘व्हॅली क्रॉसिंग’ या नावाने सह्याद्रीतील दऱ्यांवर दोर बांधले. फरक इतकाच, की तेथे दोर बांधणारा आणि दोरावरून जाणारा दोघेही प्रशिक्षित असत. २००९च्या सुमारास राजस्थानातील नीमराणा किल्ल्यावर व्यावसायिक झिपलाईन सुरू झाली आणि पुढे हा खेळ तिकीट काढून खेळण्याचा झाला. तिकीट काढणाऱ्याला दोराची पारख असण्याचे कारण नाही. म्हणूनच चालकाची जबाबदारी वाढते.

रचना साधी आहे. उंच टोकापासून खालच्या टोकापर्यंत पोलादी दोर ताणलेला असतो. त्यावर कप्पी धावते. कप्पीला हार्नेस अडकविलेला असतो आणि हार्नेसमध्ये माणूस. गती गुरुत्वाकर्षणाची. दोन टोकांच्या उंचीत १० मीटरचा फरक असेल, तर घर्षण नसताना वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर होऊ शकतो. प्रत्यक्षात हवा व कप्पीचे घर्षण यांमुळे तो कमी भरतो. तरीही खालच्या टोकाला ब्रेकची पक्की व्यवस्था हवी. स्प्रिंगचा किंवा लवचिक दोराचा ब्रेक आणि तो निकामी ठरल्यास दुसरा, अशी दुहेरी योजना असावी. ‘खाली आमची माणसे पकडतात’ हे उत्तर पुरेसे नव्हे. वजनदार माणूस अधिक वेगाने येतो, तर हलके मूल मध्येच थांबते. त्यामुळे कमाल वजनाइतकीच किमान वजनाची मर्यादाही महत्त्वाची असून अडकलेल्या मुलाला परत आणण्याची सोय आधीच सज्ज असावी लागते.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे तारेचा झोल. सैल दिसणारी तार धोक्याची आणि तंग तार मजबूत, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक पाहता गणित उलटे आहे. १०० मीटर लांबीच्या दोराच्या मध्यावर ८० किलोचा माणूस असताना झोल ५ मीटर असेल, तर त्या वजनामुळे दोरावर सुमारे ४०० किलोंचा ताण येतो. तोच झोल २ मीटरवर आणला, की ताण हजार किलोंवर जातो. हा सारा भार दोन्ही टोकांच्या आधारांनी पेलायचा असतो. एखाद्या शेताच्या बांधावरील झाडाला तार गुंडाळून हौसेने सुरू केलेली झिपलाईन का नको, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. दोराचे टोक दुमडून क्लिपांनी आवळलेले असल्यास एक खूण जाणकार पाहतात : क्लिपेचा बसका भाग भार घेणाऱ्या दोरावर आणि वाकलेला सळईचा भाग मोकळ्या टोकावर हवा. क्लिपा उलट्या बसविल्या, तर दोर चेंगरून पकड कमी होते. दोरातून बाहेर आलेल्या तुटक्या तारा, गंज, हार्नेसच्या पट्ट्यांची उसवलेली शिवण मात्र कोणालाही दिसू शकते.

अलीकडच्या दोन दुर्घटना या संदर्भात बोलक्या आहेत. एप्रिल २०२५मध्ये पुणे जिल्ह्यातील भोर तालुक्यात एका २८ वर्षीय तरुणीचा झिपलाईनच्या ठिकाणी पडून मृत्यू झाला. त्या वेळच्या वृत्तांनुसार ती तारेवरून जात नव्हती. हूक अडकविण्यासाठी स्टुलावर चढली असताना तोल जाऊन उंचावरून खाली कोसळली. जून २०२५मध्ये मनाली येथे नागपूरची एक मुलगी वाटेतच पट्टा तुटल्याने सुमारे ३० फुटांवरून पडली आणि गंभीर जखमी झाली. पहिली घटना प्लॅटफॉर्मवरची, दुसरी साधनाची. तार दोन्ही वेळा शाबूत होती. प्लॅटफॉर्मवर पाय ठेवण्यापूर्वीच माणूस सुरक्षा-दोराने बांधला जावा आणि मुख्य जोडणीखेरीज दुसरी स्वतंत्र जोडणी तारेला असावी, या दोन नियमांचे महत्त्व येथे कळते.

राज्यात नियम नाहीत असे नाही. २०१८मध्ये शालेय शिक्षण व क्रीडा विभागाने साहसी उपक्रमांसाठी नियमावली काढली. त्याच वर्षी केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांतही झिपलाईनचा समावेश झाला. पुढे २४ ऑगस्ट २०२१ रोजी राज्याच्या पर्यटन विभागाने जमीन, हवा व पाणी या तिन्हींवरील साहसी उपक्रमांचे धोरण जाहीर केले. त्यानुसार आयोजकाला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. शाळेने सहल ठरविताना या नोंदणीची प्रत मागून घेणे यात गैर काहीच नाही. प्रत देण्यास टाळाटाळ झाली, तर तेही एक उत्तरच समजावे. प्रशिक्षकांची पात्रता, साधनांच्या तपासणीची नोंदवही आणि विम्याचा कागद हेही सोबत पाहावेत. संमतिपत्रात ‘सर्व जोखीम पालकांची’ असे वाक्य छापल्याने आयोजकाची निष्काळजी माफ होत नाही.

तारेवरचा खेळ काही सेकंदांचा. रात्र मात्र दहा-बारा तासांची. तिचा विचार पत्रकात शेकोटीपुरताच असतो. चिखलदरा वाशिमपेक्षा सुमारे साडेपाचशे मीटर उंच असल्याने केवळ उंचीमुळेच तापमान तीन-साडेतीन अंशांनी उतरते; त्यात डिसेंबर-जानेवारीची रात्र आणि डोंगरावरचा वारा. एका स्वेटरवर निघालेल्या मुलांची पहाटे त्रेधा उडते. थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी तंबूत नेणे जीवघेणे ठरू शकते, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. जमिनीवर झोपलेल्यांना मण्यार चावते तेव्हा वेदना फारशी होत नाही आणि म्हणूनच उपचाराला उशीर होतो. तंबूची तळाशी जोडलेली जमीन आणि पूर्ण बंद होणारी साखळी ही यासाठी पाहायची. आग्या मोहोळाखाली धूर करणे किती महाग पडते, हे विदर्भातील जंगलांत वावरणाऱ्यांना सांगायला नको.

मुलींच्या तंबूंजवळ शिक्षिकांचा मुक्काम, उजेड असलेली स्वच्छतागृहे, प्रत्येक मुलाच्या औषधांची व आजारांची यादी या गोष्टी शाळेच्या अखत्यारीतील आहेत. चिखलदऱ्यात ग्रामीण रुग्णालय आहे. त्याहून मोठ्या उपचारांसाठी मात्र घाट उतरून अचलपूर-परतवाडा आणि पुढे अमरावती गाठावी लागते. त्यामुळे रात्रभर एक वाहन व चालक शिबिराच्या ठिकाणीच ठेवणे आवश्यक. बस मुलांना सोडून खाली जाणार असेल, तर ही सोय नाही असेच धरावे.

झिपलाईन पहिल्या दिवशी संध्याकाळी उरकण्याकडे आयोजकांचा कल असतो. पहाटे वाशिमहून निघालेली मुले तोवर दमलेली असतात आणि मावळत्या उजेडात बकल नीट लागले की नाही, हे तपासणाऱ्यालाही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, न्याहारीनंतर तासाभराने हा कार्यक्रम ठेवल्यास दुपारपर्यंत सर्वांची पाळी येते आणि अंधार पडण्यापूर्वी बस घाट उतरून परतवाड्याला लागते.