कळसूबाईचे गोत सागरतळी

अकोले तालुक्यातल्या कळसूबाईचा काळा पत्थर कुठल्या गोताचा? त्याचे नातलग सागरतळावर आहेत, अन् त्या तळाचे नकाशे काढले अमेरिकेच्या मेरी थार्प यांनी. बाई म्हणून त्यांना बोटीवर मज्जाव! बोटीवरून आवाज सोडायचा, प्रतिध्वनी किती वेळाने परततो त्यावरून खोली काढायची. ते आकडे घेऊन त्या टेबलाशी बसत. १९५२ साली अटलांटिकच्या बुडाच्या डोंगररांगेत त्यांना लांबच लांब दरी दिसली. सहकारी ब्रूस हीझेन यांनी ती ‘बायकी गप्पा’ म्हणून उडवली; पुढे पुरावे पाहून मानली. दोघांच्या कामावरून १९६७ साली हिंदी महासागराचा नकाशा छापला गेला. त्यात लक्षद्वीप-मालदीवची बुडालेली रांग दक्षिणेला जाते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त झोताने आपल्याकडे लाव्हा ओतला, त्याचीच ही वाट, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ सांगतात. आपली भूमी उत्तरेला सरकत गेली. झोत आता रियुनियन बेटाखाली धुमसतो आहे.