टायर एकटा वाढत नाही

सेंट लुईस हे मिसिसिपी नदीकाठचं अमेरिकन शहर. १९७० च्या दशकात तिथल्या परिसरात बॉब चँडलर हा माणूस फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवायचा. त्याच्याकडे १९७४ ची फोर्ड एफ-२५० पिकअप होती. आज रीलमध्ये माणसाच्या छातीपर्यंत टायर असलेली उंच पिकअप दिसते ना, तिच्या वंशावळीत ही गाडी आहे. मला मात्र तिची गोष्ट वेगळ्याच कारणासाठी आवडते. ती मोठं होण्याइतकीच मोडण्याचीही गोष्ट आहे.

चँडलर गाडी चिखलात घालायचा, जोरात रेटायचा आणि काहीतरी मोडायचं. मग तो जास्त दणकट भाग बसवायचा. गाडी दणकट झाली की आणखी मोठे टायर, आणि मोठे टायर आले की पुढचं काहीतरी मोडायचं. ॲक्सिलरेटरवर त्याचा पाय फार जड, म्हणून एका सहकाऱ्याने त्याला चिडवलं, 'बिगफूट'. तेच नाव गाडीला चिकटलं.

पण मोठा टायर हवाच कशाला? आपल्या ट्रॅक्टरचं मागचं चाक आठवा. मऊ मातीत वजन जास्त जागेवर पसरावं, चाक रुतू नये, हा त्यामागचा विचार. पिकअपमध्ये आणखी एक कारण असतं. मागच्या ॲक्सलच्या मधोमध डिफरन्शियलचा लोखंडी गोळा असतो. सस्पेन्शन कितीही उंच करा, हा गोळा होता तिथेच राहतो, कारण तो चाकांच्या मध्याशी बांधलेला असतो. टायर ३० इंचांऐवजी ३५ इंची घातला, तरच तो अडीच इंच वर उचलला जातो. मग लिफ्ट कशासाठी? मोठा टायर वळताना, उसळताना मडगार्डला घासू नये म्हणून. लिफ्ट म्हणजे मुळात टायरसाठी केलेली जागा.

आता याची किंमत बघा. चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, पण स्पीडोमीटरला ते कळत नाही. त्याचा काटा नव्याने जुळवला नाही, तर तो ६० दाखवताना गाडी ७० ने धावत असते. ओढ कमी होते, जशी सायकल चढावर जड गिअरमध्ये मारताना जाणवते. ती परत मिळवायला डिफरन्शियलचे गिअर बदलावे लागतात. ३.५५ च्या जागी ४.१० घातले, की हिशेब जवळपास पूर्वीसारखा होतो. ब्रेक तेच राहिले तर तेवढ्याच दाबाला रस्त्यावरची पकड सुमारे १४ टक्के कमी मिळते. वाढलेल्या वजनाचा ताण ॲक्सल आणि स्टिअरिंगच्या सांध्यांवर येतो, तो वेगळाच.

चँडलरला हे ठाऊक होतं, कारण मोडलेलं तोच दुरुस्त करायचा. १९८१ मध्ये त्याने ४८ इंची टायरांची बिगफूट एका शेतात जुन्या मोटारींवरून नेली आणि त्याचं चित्रण दुकानात लावलं. ते एका आयोजकाने पाहिलं आणि पुढे हा खेळ स्टेडियममध्ये पोचला. मग ६६ इंची टायर आले, पण त्यांच्यासाठी सैन्याच्या पाच टनी ट्रकचे ॲक्सल बसवावे लागले. १९८६ च्या 'बिगफूट ५' ला तर दहा फुटी टायर होते. ते १९५० च्या दशकात अमेरिकन सैन्याच्या अलास्कातल्या गाडीसाठी बनले होते. ही गाडी म्हणजे रुळांशिवाय बर्फावरून चालणारी आगगाडीच. बर्फात रुतू नये म्हणून केलेली चाकं आता जिथे रुतायला काहीच नाही, अशा मैदानात लोकांना दाखवली जाऊ लागली.

गरजेचा तमाशा झाला, याचं मला वाईट वाटत नाही. तमाशाला कुंपण होतं. ॲक्सल जड होते, गाडीसमोर कोणी चालत नव्हतं. रस्त्यावर उतरली ती फक्त उंची. अमेरिकेतल्या आयआयएचएस या रस्ता-सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास मांडला. बॉनेट ४० इंचांहून उंच असलेली गाडी धडकली, तर बुटक्या आणि उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा पादचारी दगावण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त निघाली. तिथल्या कित्येक मोठ्या पिकअप कारखान्यातूनच एवढ्या उंच येतात. लिफ्ट त्यावर आणखी काही इंच चढवते. नॉर्थ कॅरोलायना राज्याने पुढचा भाग मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त उचललेल्या गाड्यांवर २०२१ मध्ये बंदी आणली. त्यात चालकाला समोरचा रस्ता नीट दिसतच नाही.

म्हणून अशी रील दिसली की मी टायरांचा आकार बघून थांबत नाही. ब्रेक बदललेत का, गिअर बदललेत का, बॉनेटपुढे उभं असलेलं शाळकरी पोर चालकाला दिसेल का, हे बघतो. रीलमध्ये यातलं बहुधा काहीच दाखवत नाहीत. चँडलरच्या दुकानात मात्र गिऱ्हाइकाशी बोलणं याच सुट्या भागांवरून सुरू होत असणार.