इस्लामी बँकांचे शरिया लेखापरीक्षण

बँकेचे व्यवहार इस्लामी धर्मशास्त्राच्या नियमांनुसार झाले किंवा नाही, याची तपासणी म्हणजे शरिया लेखापरीक्षण. नेहमीच्या लेखापरीक्षकाचे काम हिशेब तपासण्याचे. येथे व्यवहार कोणत्या क्रमाने झाला, हेही पाहावे लागते. 'मुराबहा' या प्रचलित पद्धतीत ग्राहकाला मोटार हवी असल्यास बँक कर्ज देत नाही. ती मोटार स्वतः विकत घेते आणि ठरलेला नफा चढवून ग्राहकाला हप्त्यांनी विकते. मोटार आधी बँकेच्या मालकीची झाली पाहिजे. विक्रीचा करार खरेदीपूर्वीचा निघाला, तर व्यवहार सदोष ठरतो व त्यातील नफा सर्वसाधारणपणे धर्मादाय कामाकडे वळवावा लागतो.

या क्षेत्रातील मानके ठरविणारी 'आयोफी' ही संस्था १९९१ मध्ये बहारीन येथे नोंदली गेली. तिच्या मानकानुसार बँकेच्या शरिया मंडळावर किमान तीन धर्मशास्त्रज्ञ असावे लागतात. त्यांचे मानधन मात्र बँकच देते, आणि टीकाकारांचे बोट नेमके येथेच असते. मलेशियाने २०१३ च्या कायद्याने शरियाच्या उल्लंघनास आठ वर्षांपर्यंत कारावास किंवा अडीच कोटी रिंगिटपर्यंत दंडाची तरतूद केली.

तथापि कागद निर्दोष असले म्हणजे हेतूही साधला, असे नव्हे. 'तवर्रुक'मध्ये ग्राहक बँकेकडून धातू उधारीवर घेतो आणि बँकेमार्फतच तो तिसऱ्याला रोखीने विकतो. धातू बहुधा गोदामातून हलतही नाही. ग्राहकाच्या हाती पडते ती रोकड, आणि डोक्यावर राहते तिच्याहून मोठी उधारी. व्याजी कर्जाहून हे वेगळे कसे, हा प्रश्न सामान्य माणसालाही पडेल. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने २००९ मध्ये अशा संघटित तवर्रुकला अमान्य ठरविले. मलेशियात मात्र तो ग्राह्य मानला जातो. म्हणजे एका देशात निर्दोष ठरणारा व्यवहार दुसरीकडे आक्षेपार्ह ठरू शकतो.

या अनिश्चिततेची झळ गुंतवणूकदारांना २०१७ मध्ये बसली. शारजाच्या 'दाना गॅस' कंपनीने स्वतःचेच सुमारे ७० कोटी डॉलरचे सुकूक, म्हणजे इस्लामी रोखे, आता शरियासंमत राहिले नसल्याचे सांगून त्यांवरील देणी थांबविली. लंडनच्या उच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांच्या फेरखरेदीची हमी इंग्लिश कायद्यानुसार वैध ठरविली. शरियाचा प्रश्न त्या निकालाने सुटला नाही. २०१८ मध्ये कंपनी व रोखेधारकांत तडजोड झाली.